मऊ मुठेल

सावंतवाडी,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. फोनवर तू "काय? काय?" करणार, मी ओरडून घसा बसवणार आणि शेजारच्या चार घरांना बायच्या ढुंगणाची खबर लागणार, त्यापेक्षा पत्र बरं. मंगेश कंडक्टरच्या एसटीतून तुझी भरणी येते-जाते, तिच्याबरोबर माझी चिठ्ठीही येईल. तिकीट काढायला लावलंन तर बघू.

तुझं मलम लागलं. खरंच लागलं. पाच महिन्यांची झाली तरी बायची कातडी सायीसारखी आहे, जरा घासलं की लाल. बारशाला तेजस्वी नाव ठेवलं, पण घरात ती अजून बायच आहे. डायपर घातला की जांघेत चट्टे उठायचे, पाणी लागलं की किंचाळायची. सिद्धेश डॉक्टरांना विचारून झिंकची ट्यूब घेऊन आला. वास नाही, रंग नाही, धुतल्यावर कोरडं करून जाडसर लावायची म्हणे. मी ती फोडलीसुद्धा नाही. विमलामावशीचं कोकमाच्या बियांचं मुठेल असताना माझ्या पोरीला मेडिकलचं काय करायचंय? मंगेशनं भरणी आणली, संध्याकाळी लावलं, दुसऱ्या दिवशी चट्टे गायब. सिद्धेशला म्हटलं, बघ. माय मरो, मावशी जगो, असं उगीच नाही म्हणत.

सासूबाईंना डायपरच पटत नाही. "आमच्या पोरांक जुन्या लुगड्याचे लंगोट, कोणाच्या बापाक पुरळ इला नाय," असं दिवसातून दोनदा ऐकवतात. पण बाळंतपण त्यांनीच केलं, जीव लावून केलं. तुझ्याकडे छप्पर दुरुस्तीला काढलंस म्हणून मला येता आलं नाही, त्याचा राग अजून आहे हां.

एक सांग, यंदाचं मुठेल इतकं मऊ कसं? लहानपणी तू मुठीएवढा दगडासारखा गोळा द्यायचीस, तळहातावर घासून घासून वितळवावा लागायचा. हे बोट घातलं की निघतं. काहीतरी नवीन शिकलीस वाटतं.

भरणी संपत आली. उरलेलं वाटीत काढून ती लाडू भरून परत पाठवतेय. दुसरी दे.

तुझी,
गौरजा

ता.क. भरणीबरोबरच्या चिठ्ठीतलं अक्षर संचिताचं दिसतंय. तुझं कुठे गेलं?

---

बांदा,
२९ नोव्हेंबर

चि. सौ. गौरजा हिस,

अनेक आशीर्वाद. लाडू पोचले. साखर जास्त झाली आहे.

डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून मी सांगते आणि संचिता लिहिते. सून शिकलेली आहे तर तिचा उपयोग करून घ्यावा. माझी मालवणी ती सरळ करून लिहिते, तेव्हा मी इतकी शहाणी कधी झाले असं वाटून घेऊ नकोस.

मुठेल मऊ का, तर यंदा मी ते शंभर वेळा पाण्यात धुतलं. रातांब्याच्या बियांचं तेल धुऊन धुऊन घेतलं की लोण्यासारखं होतं. तुझ्या लेकीची कातडी नाजूक, तिला घासणं सोसणार नाही, म्हणून एवढा खटाटोप केला. दिवसातून तीनदा पातळ हात फिरव, जास्त नको. आणि चारचौघांत भरणी काढून दाखवत बसू नकोस. लोकांची नजर वाईट असते.

मेडिकलच्या ट्यूबा ठेव कपाटात. गावातली तीस-चाळीस पोरं माझ्या मुठेलावर मोठी झाली, त्यातली निम्मी आता स्वतः बाप झाली आहेत. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. बाळंतपण त्यांनी चांगलंच केलं असेल. आपल्या माणसाचं ते आपल्या माणसाचं, एवढंच म्हणते.

तुझी,
विमलामावशी

---

सावंतवाडी,
२६ डिसेंबर

प्रिय मावशी,

महिनाभर लिहिलं नाही. बाळंतपणाची रजा संपून माझी शाळा सुरू झाली, सकाळचा अर्धा दिवस शिकवायला जाते. पण ते कारण नव्हे.

बायला बरं नाही. मलम लावलं की लाली जाते, एक दिवस चुकवलं की दुप्पट होऊन येते. म्हणून मी चुकवतच नाही. आता कातडी चकचकीत दिसते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि मांड्यांच्या घडीत बारीक लाल रेघा उठल्यात. कपडा लागला तरी रडते. सोमवारी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली ट्यूब लावताय?"

मी म्हटलं, ट्यूब नाही, घरचं मुठेल. ते म्हणाले, "मुठेल माझी आईही लावायची. मुठेलानं असं होत नाही. हे स्टिरॉइडचं काम आहे. दुकानातून मिळणारी ती तीन औषधांची मिश्र ट्यूब लावली की एका दिवसात लाली जाते आणि महिन्याभरात कातडी पातळ होते. लहान बाळाला तर अगदीच लावायची नाही. खरं सांगा, मी रागावणार नाही." भरणी आणून दाखवू का विचारलं तर हसले, मुठेल काय बघायचं म्हणाले.

मावशी, मी खरंच सांगत होते. पण सिद्धेशनं घरी येऊन कपाट उघडलं. झिंकची ट्यूब सीलबंद. म्हणाला, "मी आणलेली फोडली नाहीस, मग कुठली लावलीस?" सहा वर्षांच्या संसारात त्यानं मला पहिल्यांदा खोटारडी म्हटलं, तेही शब्द न वापरता. सीलबंद ट्यूब माझ्या हातात ठेवली आणि बाहेर निघून गेला. तेव्हापासून आमचं जेवढ्यास तेवढं बोलणं चाललंय.

म्हणून विचारते. मलमात काय काय आहे ते मला नीट लिहून पाठव. चुकून काही पडलं असेल, कुणी काही सुचवलं म्हणून घातलं असशील, तरी सांग. मी एका शब्दानं बोलणार नाही. डॉक्टरांना तेवढं सांगायचंय. तू सांगशील तेच मी खरं मानीन, बाकी सगळं जग काहीही म्हणो.

तुझी,
गौरजा

---

बांदा,
३० डिसेंबर

चि. सौ. गौरजा हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र संचितानं दोनदा वाचून दाखवलं. मनाला फार लागलं.

मलमात मुठेल, खोबरेल आणि चिमूटभर घरची हळद. चौथी वस्तू नाही. रवळनाथाची शपथ घेऊन सांगते. तू नऊ वर्षांची असताना तुझी आई गेली, त्या दिवसापासून तुझ्या अंगाला माझा हात लागला आहे. कधी काही वावगं झालं?

तू विचारलंस म्हणून बोलते, एरवी बोलले नसते. तू सकाळी शाळेत जातेस तेव्हा पोर कुणाच्या हातात असतं? डायपर कुणाला पटत नाही? पुरळ वाढलं की डायपर बंद होईल, असा हिशोब कुणी केला नसेलच असं नाही. किंवा वाईट मनानं नसेल, आपल्या बुद्धीनं काहीतरी चोपडलं असेल. मी कुणाचं नाव घेत नाही. तू शहाणी आहेस, डोळे उघडे ठेव.

नवी भरणी मंगेशबरोबर पाठवली आहे. लावणं थांबवू नकोस, थांबवलंस की उसळतं हे तू स्वतःच लिहिलं आहेस.

तुझी,
विमलामावशी

---

सावंतवाडी,
८ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

तू म्हणालीस तेच निघालं.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मग रविवारी सिद्धेश घरात असताना सासूबाईंना सरळ विचारलं, तुम्ही बायला काही लावता का? आधी त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या उठल्या, आपली पत्र्याची पेटी ओढत आणून आमच्यासमोर पालथी केली. "बघ गो, बघ. काय गावता ता बघ." लुगडी, पोथी, देवाच्या उदीची पुडी, आणि तळाशी एक चेपलेली ट्यूब. मी नाव वाचलं. डॉक्टर म्हणाले होते तीच, तीन औषधांची.

त्या म्हणाल्या, पायाला गजकर्ण झालं होतं तेव्हा आणली, संपून वर्ष झालं. ट्यूब रिकामी होती हे खरं. पण रिकामी का झाली, हे कुणी सांगावं? मी म्हटलं, हातच्या कंकणाला आरसा कशाला. फार मोठ्यानं म्हटलं. बाय दचकून रडायला लागली. सासूबाईंनी सवयीनं हात पुढे केले, तर मी तिला मागे ओढली.

त्यांनी पेटी परत भरली. एकेक लुगडं घडी घालून. दुपारच्या गाडीनं माझ्या धाकट्या दिरांकडे देवबागला गेल्या. सिद्धेश सोडायला गेला, आल्यावर स्वतःच ताट वाढून घेऊन जेवला. पण खोटारडी मी नव्हते, एवढं तरी त्याला कळलं असेल.

तू माझे डोळे उघडले नसतेस तर मी आंधळीच राहिले असते. आईच्या जागी तू आहेस म्हणून मी उभी आहे. सकाळी बायला बघायला शेजारच्या दिव्याला सांगितलंय. मलम आता मी स्वतःच लावते, चारदा. सासूबाई गेल्या म्हणजे आता उतरेल.

तुझी,
गौरजा

---

बांदा,
१४ जानेवारी

गौरजाताई,

अक्षर ओळखीचं आहे, पण हे पत्र आत्या, म्हणजे तुमच्या मावशी, सांगत नाहीत. त्या देवळात गेल्या आहेत. मी माझ्या मनानं लिहिते आहे.

पहिली गोष्ट, हे वाचल्यावर भरणीला हात लावू नका. ती तशीच डॉक्टरांकडे न्या. तिच्यात मुठेल नाही. पेट्रोलियम जेली आहे, रंगाला हळद आहे आणि प्रत्येक भरणीत पाच ट्यूबा आहेत. त्याच ट्यूबा, ज्यांचं नाव तुम्ही सासूबाईंच्या पेटीतल्या ट्यूबवर वाचलंत. मेडिकलमधून मीच आणत होते. लहान बाळाला चालत नाहीत हे मला तुमचं डिसेंबरचं पत्र वाचेपर्यंत माहीत नव्हतं. त्यानंतर माहीत होतं, तरीही मी तीस तारखेचं पत्र लिहिलं आणि नवी भरणी बांधून दिली. याला मी काय म्हणू ते मला समजत नाही.

आत्यांची मूठ वळत नाही. डोळे ठीक आहेत, बोटं आखडलीत. गेल्या मे महिन्यात बिया कुटून, उकळून सगळं केलं, तेल वर आलं, आणि गोळा वळायला घेतला तर बोटांतून सगळं निसटून जाई. चारदा प्रयत्न केला. मग तो टोप उचलून मागच्या दारी ओतला. मी म्हटलं, मी वळते, तुम्ही बाजूला बसा. तर म्हणाल्या, "तुझ्या मुठीचा मुठेल माझ्या नावान कित्याक जाऊचा?" तुमच्या बाळंतपणालाही म्हणूनच बोलावलं नाही. छप्पर दुरुस्तीला काढलंच नव्हतं. बाळाला न्हाऊ घालायला हात चालणार नाहीत हे तुम्हाला दिसलं असतं.

आत्यांना स्वतःला खाज आली होती तेव्हा डॉक्टरांनी ही ट्यूब दिली होती. शेजारच्या रुक्मिणीकाकूंच्या नातवाला त्यांनी ती सहज लावली, एका दिवसात गुण आला, आणि गावभर झालं की विमलाचं मुठेल अजून तसंच लागतं. त्यांना तेवढंच हवं होतं.

तुमचं आठ तारखेचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, आता तरी सांगतील. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "उत्तर नको आता. जावंदे." म्हणून मी लिहिलं. एका सासूची बाजू घेताना दुसऱ्या सासूला तोंडघशी पाडते आहे, हे मला कळतं. या घरात माझं काय होईल ते होवो.

संचिता

---

सावंतवाडी,
१८ जानेवारी

मावशी,

भरणी डॉक्टरांनी बघितली. बोटावर घेऊन चोळली आणि म्हणाले, हे मुठेल नव्हे, मुठेल गारठ्यात असं मऊ राहतच नाही. मला हे कळायला डॉक्टर लागला. ज्या पोरीनं लहानपणी तुझ्या पायाशी बसून गोळे मोजले, तिला कळलं नाही. जे मुठीत वळत नाही ते मुठेल कसलं, हे मला पहिल्याच दिवशी बोट घातल्यावर कळायला हवं होतं. कळलंही होतं, मी तुला विचारलंही होतं. तू धुतलं म्हणालीस आणि मी मान डोलावली.

मलम बिघडलं त्याचा राग मला एवढा नाही. हात गेले हे तू लपवलंस, तेही मी गिळलं असतं. तुझे हात मी माझ्या हातांत घेऊन बसले असते. पण मी तुला विचारलं होतं. पायरी-पायरीनं तुला वाट करून दिली होती, चुकून पडलं असेल तरी सांग म्हटलं होतं. आणि तू काय केलंस? रवळनाथाला मध्ये घातलंस आणि माझ्या घरातल्या म्हातारीकडे बोट दाखवलंस. जिनं सव्वा महिना माझी पाठ शेकली, तिची पेटी मी पालथी करायला लावली. तिच्या हातांपासून मी पोर ओढून घेतली. ते तुझ्या शब्दावर केलं, मावशी. केसानं गळा कापलास तो कापलास, आणि सुरी माझ्या हातात दिलीस.

माय मरो, मावशी जगो म्हणतात. मी सगळ्यांना तोंड वर करून सांगायची.

सिद्धेशला मी संचिताचं पत्र दाखवलं. त्यानं वाचलं आणि एवढंच म्हणाला, "आईला काय सांगणार?"  ते उत्तर तू दे. देवबागचा पत्ता मागे लिहिला आहे. सासूबाईंना तू लिहायचंस. तुझ्या हातानं. संचिताच्या अक्षरात आलं तर मी ते न फोडता परत पाठवीन. आणि संचिताला त्या घरात एका शब्दानंही दुखवलंस, तर तुझं माझं संपलं.

गौरजा

---

बांदा,
२ फेब्रुवारी

गौरजा,

अक्षर वाकडा इला आसा. पेन मुठीत रवणा नाय, दोन बोटांत धरून लिवतंय. चार दिस लागले.

संचितान सांगल्यान ता सगळा खरा. ट्यूबी मियाच घालूक लावलंय. देवाची शपथ खोटी घेतलंय. तुझ्या सासवेन काय एक करूक नाय, तिचा नाव मियाच काढलंय.

माका खरा सांगूचा होता. पण तू लिवलंस, तू सांगशीत ताच खरा मानतलंय. माका वाटला, ह्या चेडू, ह्या माझा पोर, अजून माका मानता. तर मानांदे.

तुका लहानपणापासून एकच म्हायती, मावशीचो हात लागलो की बरा होता. तो हातच गेलो, ह्या तुका सांगूक तोंड उघडला नाय.

तुझ्या सासवेक, सुगंधाबायक, वेगळा पत्र धाडलंय. संचिताक काय बोलाक नाय.

माफ कर म्हणूचा तोंड माका नाय. बाय कशी आसा, तेवढा कळव.

विमला

---

सावंतवाडी,
२३ फेब्रुवारी

मावशी,

बाय कशी आहे विचारलंस, म्हणून लिहिते.

मलम बंद केल्यावर आठ-दहा दिवस फार वाईट गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की एकदा उसळून येईल. आता उतरतंय. कोमट पाण्यानं धुवायचं, मऊ फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाही. पूर्ण कोरडं झालं की झिंकची क्रीम जाडसर लावायची, तीच, कपाटातली, सिद्धेशनं आणलेली. दुपारी डायपर काढून गोधडीवर तासभर मोकळी ठेवते. लाल रेघा पुसट होतील, पण किती दिवसांनी ते सांगता येत नाही. कदाचित थोड्या राहतील.

सासूबाई परत आल्या. तुझं पत्र त्यांनी देवबागला दिरांकडून दोनदा वाचून घेतलं, असं कळलं. मी पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्यांनी उठवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या मावशेचे हात गेले गो. वायट झाला." तुझ्याबद्दल दुसरं काही बोलल्या नाहीत. माझ्याबद्दल तर काहीच नाही.

तुला वाटेल सगळं जागेवर आलं. बायच्या आंघोळीचं पाणी त्याच तापवतात, पण बादली दाराशी ठेवून बाजूला होतात. क्रीमच्या ट्यूबला हात लावत नाहीत. पेटीला कुलूप नव्हतं कधी, अजूनही नाही, पण ती आता त्यांच्या खोलीत न ठेवता माझ्या डोळ्यांसमोर पुढच्या खोलीत ठेवली आहे. परवा मी वह्या तपासत होते आणि बाय रडायला लागली. सासूबाई पाळण्यापाशीच होत्या. हात पुढे गेले, थांबले, आणि त्यांनी मला हाक मारली. "गौरजा, उचलू मा गो?"

आपल्या नातीला उचलायला त्या मला विचारतात. रोज विचारतात. मी रोज हो म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विचारतात.

भरणी मंगेशबरोबर परत पाठवतेय. मी ती घासून, पुसून, रिकामी बांधत होते. सासूबाईंनी बघितलं. आत गेल्या, मूठभर साखर आणली आणि भरणीत घातली. म्हणाल्या, रिकामा भांडा कोणाक परत धाडू नये.

तेव्हा भरणी उघडलीस की कळावं म्हणून लिहिते. साखर त्यांची आहे. माझ्याकडून ती रिकामीच आली असं समज.

गौरजा